'सांग की, करतो' म्हणणाऱ्या घरात कामाची वाटणी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पतसंस्थेत दहा ते सहा कामाला, नोकरीला 8 वर्षं झालेली. मिस्टर कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. घरात गुडघे दुखणाऱ्या सासूबाई, 11 वर्षांचा मुलगा, 5 वर्षांची मुलगी. तुम्ही पहाटे पाचला उठता आणि अंथरुणाला पाठ टेकते तेव्हा सव्वाअकरा वाजलेले असतात. मिस्टर मनानं वाईट नाहीत, पण त्यांचं ठरलेलं वाक्य आहे: 'सांग की, करतो. न सांगता कसं कळणार?' आणि आता घरात विषय निघालाय की एवढी दमतेस तर नोकरी सोड. तुम्ही विचारताय, सोडू का?

नोकरीकडं पुढं येऊ. आधी त्या वाक्याकडं बघा, कारण खरी अडचण तिथं आहे. 'सांग, करतो' म्हणजे काम माझं नाही, काम तुझं. मी हाताखाली उभा राहीन. मग काय करायचं, कधी करायचं, काय संपलंय, उद्या काय लागणार, हे सगळं तुमच्याच डोक्यात राहतं. कुटुंब समुपदेशनाच्या कामात अशी घरं सतत समोर येतात आणि त्यांतल्या बहुतेक बायका 'काम जास्त आहे' याआधी 'डोकं रिकामं होत नाही' असं सांगतात. त्यामुळं दोन-चार कामं नवऱ्यानं 'मदत' म्हणून केली तरी थकवा फारसा उतरत नाही.

डबा घ्या. तुमच्या घरी सकाळी चौदा-पंधरा चपात्या लागत असतील. कणीक मळायला 10 मिनिटं, ती मुरायला 15, एका तव्यावर लाटून भाजायला चपातीमागं 2 मिनिटं धरली तर 30. भाजी, चहा, डबे भरणं धरून सव्वा तास. हा झाला दिसणारा डबा. पण बुधवारी मटकीची उसळ हवी असेल तर मटकी मंगळवारी सकाळी भिजवायला लागते आणि संध्याकाळी फडक्यात बांधायला लागते. थंडी असली तर आणखी अर्धा दिवस. मेथी आणली तर रात्रीच जुडी निवडून ठेवायची. दळण संपत आलंय हे दोन दिवस आधी बघायचं. मुलीला तिखट चालत नाही, म्हणून तिची भाजी चटणी टाकायच्या आधी काढायची. मुलाचा डबा काल दप्तरातच राहिलाय. यातलं काहीच 'डबा करायला सव्वा तास' यात धरलं जात नाही. मिस्टरांनी एखाद्या दिवशी चपात्या लाटून दिल्या तरी हे सगळं तुमच्याकडंच उरतं.

हे एकट्या तुमच्या घरचं नाही. 2019 साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं देशभर वेळवापराची पाहणी केली. घरकामाला बायकांचा दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा 97. पुन्हा 2024 साली पाहणी झाली तेव्हा बायका 289, पुरुष 88. दोघांचीही मिनिटं थोडी उतरली. मधलं अंतर मात्र 202 चं 201 झालं. आणि ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्या माणसांची आहे, हे लक्षात घ्या. 2019 च्या पाहणीत अशा बायका होत्या 81 टक्के आणि पुरुष 26 टक्के. म्हणजे चारातल्या जवळजवळ तीन पुरुषांनी त्या दिवशी घरातल्या कामाला हातच लावलेला नव्हता. मिक्सर, गॅस, वॉशिंग मशीन यांनी काम हलकं होतं. काम कुणाचं हे यंत्र ठरवत नाही.

आता काय करायचं. पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त नोंद करा. दोनशे पानी वही घ्या, पानावर चार रकाने आखा: काम, कुणी केलं, किती मिनिटं, आणि आठवण कुणाला झाली. चौथा रकाना सोडू नका. मिस्टरांनी गॅसचा नंबर लावला, पण 'सिलिंडर हलका लागतोय' हे तुम्ही बोलला असाल, तर तिसऱ्या रकान्यात त्यांची 5 मिनिटं आणि चौथ्यात तुमचं नाव. सोमवार ते रविवार पूर्ण सात दिवस लिहा. रविवार टाळलात तर मटणाचा रस्सा, पाहुणे आणि आठवड्याची धुणी हिशोबातून निसटतील. त्याच वहीत प्रत्येकाची झोप आणि निवांत वेळही लिहा. निवांत म्हणजे ज्या वेळात कुणी हाक मारली तरी उठावं लागत नाही असा वेळ. टीव्ही बघत लसूण सोलणं निवांत नाही.

निवांत वेळ मोजायचं कारण सांगते. 'तुझं काम जास्त की माझं' हा वाद संपत नाही. फाउंड्रीत भट्टीजवळ आठ तास उभं राहणं खरोखर कष्टाचं आहे, ते नाकारून चालणार नाही आणि नाकारूही नका. पण दोघांची झोप आणि निवांत वेळ शेजारी शेजारी मांडला की वाद करायला फारसं उरत नाही. त्यांना आठवड्याला 20 तास मोकळे आणि तुम्हाला 4, असं निघालं तर वाटून घ्यायची गोष्ट कोणती, हे दोघांनाही दिसतं.

वही भरली की कामांचे दोन गट पाडा. काही कामं घड्याळाला बांधलेली असतात: डबा, पाणी येतं तेव्हा भरणं, मुलीला रिक्षामामांच्या वेळेला तयार करणं, दूध तापवणं, सासूबाईंच्या गोळ्या, रात्रीचा स्वयंपाक. बाकीची सरकवता येतात: दळण, किराणा, वीजबिल, गाडीचं सर्व्हिसिंग, पंखे पुसणं. बहुतेक घरांत पुरुषांकडं दुसऱ्या गटातली कामं असतात. यादी मोजली तर 'त्याची सहा, तिची आठ' असं ठीकठाक दिसतं. पण दळण आज नाही तर उद्या, पाऊस असला तर परवा. डबा सव्वाआठला म्हणजे सव्वाआठला. वेळेला बांधलेली कामं ज्याच्याकडं, त्याचा अख्खा दिवस बांधला जातो. आजारी पडायलाही त्याला वाव नसतो. म्हणून वाटणी करताना पहिल्या गटातलं निदान एक मोठं काम रोज मिस्टरांकडं गेलं पाहिजे. नुसता किराणा वाढवून घेऊ नका.

'शिफ्ट बदलते, कसं जमणार?' हे उत्तर येईलच. जमतं, पण एकच काम कायमचं देऊन जमत नाही; शिफ्टप्रमाणं काम बदलायला लागतं. साधारण 7 ते 3, 3 ते 11 आणि 11 ते 7 अशा पाळ्या धरते, तुमच्याकडं तासभर इकडंतिकडं असेल. फर्स्ट शिफ्टला ते साडेसहाला बाहेर पडतात, म्हणून सकाळ तुमची; पण ते साडेतीनला घरी येतात, तेव्हा मुलीला आणणं, तिचं खाणं आणि रात्रीचा पूर्ण स्वयंपाक त्यांचा. तुम्ही साडेसहाला याल तेव्हा कुकर झालेला, भाजी झालेली. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात उलट: डबे, मुलांची तयारी, शाळा, दुपारची धुणी-वाळवणी त्यांची, संध्याकाळ तुमची. नाईट शिफ्टला काम कमी द्या. ते साडेसातला येतात, मुलीला शाळेत सोडतात, मग सलग सात तास झोप, त्या वेळात घरातून कुणीही उठवायचं नाही. संध्याकाळी पाचनंतर भाजी चिरणं, कणीक आणि रात्री निघायच्या आधी भांडी. रात्रपाळी केलेल्या माणसाची झोप मोडून केलेली वाटणी आठवडाभरही टिकत नाही, शिवाय भट्टीपुढं पेंगणं जिवावरचं आहे.

काम देताना मुळापासून शेवटापर्यंत द्या. 'डबे तुमच्याकडं' म्हणजे काय करायचं हे ठरवणं, भाजी आणणं, मटकी भिजवणं, कणीक आहे का बघणं, रिकामे डबे दप्तरातून काढून घासायला टाकणं, सगळं. आणि काम 'झालं' म्हणजे काय, हे आधी बोलून घ्या. भांड्यांवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात, कारण दोघांच्या डोक्यातलं 'भांडी झाली' वेगळं असतं. त्यांच्या मते ताटवाट्या रॅकला लागल्या की झालं. तुमच्या मते ओटा पुसलेला, शेगडीचे बर्नर खालून पुसलेले, सिंकच्या जाळीतला खरकट्याचा गाळ काढलेला, कढई तेलकट नाही, घासणी पिळून ठेवलेली. दोघं ओट्याजवळ उभं राहून एकदा हे ठरवा. थोडं तुम्ही सोडा, थोडं त्यांनी धरावं. गाळ काढणं सोडू नका, झुरळं होतात. ताटं आकारानं लावणं सोडलं तर काही बिघडत नाही.

नंतर खरी परीक्षा. पहिल्या आठवड्यात उत्साह असतो, दुसऱ्यात चुका होतात. चपात्या कडक होतील, कारण कणीक घट्ट मळली आणि लगेच लाटायला घेतली. भाजीत मीठ राहील. मुलगा तोंड वाकडं करेल. अशा वेळी तुम्ही तवा हातात घेतला की काम परत तुमच्याकडं आलं, आणि पुन्हा ते जायला महिने लागतात. त्यांनी घासलेली कढई मागून गुपचूप परत घासणंही तसंच. त्यांना ते कळतं आणि 'हिला माझं पटतच नाही' म्हणून ते हात काढून घेतात. विचारलं तर कणीक कशी मळायची ते एकदा दाखवा: तीन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी पाणी, शेवटी तेलाचा हात, पंधरा मिनिटं झाकून. विचारलं नाही तर शिकवू नका. तुम्हीही पहिल्या महिन्यात कच्च्या चपात्या केल्या असतील, फक्त तेव्हा तुमच्या हातून पोळपाट कुणी काढून घेतला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात 'आज जरा तूच कर' सुरू होतं. आजारपण, ओव्हरटाइम असेल तर जरूर करा, पण मग बदली दिवस वहीत लिहून घ्या. बदली न लिहिलेली सवलत महिनाभरात जुनी पद्धत होऊन बसते.

सासूबाईंचं नाजूक आहे. 'पोरगा कामावरनं दमून येतोय आणि त्याला भांडी घासायला लावली' हे वाक्य येणार. त्याला उत्तर तुम्ही द्यायचं नाही, त्यांच्या लेकानं द्यायचं, आणि स्वतःच्या शब्दांत: 'आई, मीच ठरवलंय.' 'तिनं सांगितलंय' असं म्हणाले तर सगळा राग तुमच्यावर येतो. दुसरं, कामाचा भार तुमच्याकडून सासूबाईंकडं सरकला तर ती वाटणी नव्हे. त्यांनी उमेद असेपर्यंत हेच सगळं केलंय, गुडघ्यांची ही अवस्था त्यातूनच आली असेल. बसून भाजी निवडायला, नातीचा अभ्यास घ्यायला त्यांना आवडत असेल तर विचारा; गृहीत धरू नका.

मुलांमध्ये आधी मुलाला काम द्या. तो मोठा आहे, एवढं कारण पुरे. 11 वर्षांचं पोर स्वतःचा डबा विसळून ठेवणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, वाळलेले कपडे घडी करून कपाटात लावणं, कुकरला डाळ-तांदूळ धुऊन लावणं एवढं नक्की करतं. मुलगी पाच वर्षांची आहे, ताटं-पेले मांडेल. चार-पाच वर्षांनी ती दहाची होईल तेव्हा 'ती करेल' असं म्हणत सगळं तिच्याकडं वळायला लागतं. त्या वेळी मुलाच्या हाताला कामाची सवय असली पाहिजे.

धुण्याभांड्याला बाई लावणं हा चांगला मार्ग आहे, परवडत असेल तर. पण दोन गोष्टी. एक, बाईला वेळ सांगणं, पगार देणं, ती आली नाही तर काय करायचं हे बघणं, हेही काम आहे. ते मिस्टरांकडं द्या. दोन, येणारी बाई स्वतःच्या घरचं उरकूनच येते. तिला आठवड्याची सुट्टी, आजारपणाचा पगार आणि दिवाळीला बोनस द्या. राज्यात 2008 च्या कायद्यानं घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे, तिथं तिची नोंदणी झालीय का विचारा आणि नसेल तर अर्ज भरायला मदत करा. तुमचा भार तिच्या पाठीवर ढकलून मोकळं व्हायचं नाहीये.

आता नोकरी. घरात बहुधा असा हिशोब मांडला असेल: समजा तुमचा पगार 16,000, बाईचे आणि मुलीच्या पाळणाघराचे मिळून 6,000, पेट्रोल-डबा वगैरे वजा जाता उरतात किती, मग नोकरी कशाला? या हिशोबाची सुरुवातच चुकलीय. मूल दोघांचं, घर दोघांचं, मग 6,000 एकट्या तुमच्या पगारातून का वजा? मिस्टरांचा पगार 28,000 धरला तर पगारांचं प्रमाण 4 ला 7 पडतं. त्याप्रमाणं तुमच्याकडून साधारण 2,180 आणि त्यांच्याकडून 3,820. तुमच्या पगारातून खर्च वजा करून 'परवडत नाही' म्हणणं म्हणजे मुलं सांभाळणं ही फक्त आईची जबाबदारी असं आधीच ठरवून टाकणं.

पीएफ कापला जात असेल तर आणखी एक बघा. पेन्शन योजनेत महिन्याची पेन्शन मिळायला किमान 10 वर्षांची सेवा लागते. तुमची 8 झाली आहेत. दोन वर्षं आधी सोडलीत तर 58 व्या वर्षापासून मिळू शकणारी पेन्शन हातची जाण्याची शक्यता आहे. सोडायचीच वेळ आली तर पेन्शनचे पैसे काढून घेण्याऐवजी योजनेचं प्रमाणपत्र (स्कीम सर्टिफिकेट) घ्या, म्हणजे पुढच्या नोकरीत ही वर्षं जोडली जातात. ग्रॅच्युइटीचा हक्क 5 वर्षांनंतर लागू होतो, तेवढी वर्षं तुमची झालीच आहेत: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. ही बेरीज 12,000 असेल तर आठ वर्षांचे साधारण 55,385 रुपये होतात. आणि संस्थेत 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर कायद्याप्रमाणं पाळणाघराची सोय संस्थेनं करायची असते. छोट्या पतसंस्थेत हे लागू पडणार नाही, पण विचारायला हरकत नाही.

नोकरी सोडूच नये असं मी म्हणत नाही. मूल आजारी असेल, कामाच्या ठिकाणी छळ असेल, किंवा तुम्हालाच मनापासून थांबायचं असेल तर ती गोष्ट वेगळी. पण घरातली वाटणी न बदलता नोकरी सोडली तर काम तेवढंच राहतं, वर 'घरीच तर असतेस' म्हणून आणखी वाढतं, आणि हातातला पैसा जातो. घरकामाला किंमत असते हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2021 च्या एका अपघात भरपाईच्या निकालात स्पष्ट सांगितलंय. तिथंही 299 आणि 97 मिनिटांचा हाच आकडा आधाराला घेतलाय. पण ती किंमत बाई गेल्यावर भरपाईत मोजली जाते. जिवंतपणी ती मोजायची तर तुमच्या वहीतच मोजायला हवी.

वर्षाची कामं बहुतेक घरांत वाटणीतून निसटतात, म्हणून त्यांचं वेगळं पान करा. आपल्याकडं उन्हाळ्यातली वर्षाची चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला, घ्या. चार किलो मिरची आणली की ती गच्चीवर वाळवायची, देठं खुडायची, त्यात एक अख्खी दुपार जाते आणि हाताची आग संध्याकाळपर्यंत राहते. मग खोबरं, धने, तीळ भाजणं, लसूण सोलणं, कांदा तळणं, डंकावर (मिरची कांडायच्या गिरणीत) नंबर लावून उभं राहणं, घरी आणून बरण्या भरणं. मिस्टर डब्यासह डंकावर जातात आणि चटणी 'आम्ही केली' होते. यंदा देठं खुडायला दोघं बसा. तसंच घटस्थापनेआधीची धुणी, गौरी-गणपती, दिवाळीचा फराळ. प्रत्येकासमोर दोन नावं हवीत. नाही झेपलं तर अर्धं करा: दोन किलो चटणी घरची, बाकी लागेल तशी बचतगटाकडून विकत. फराळाचे चार प्रकार पुरतात.

तुमच्या तब्येतीचं एक. तुम्ही लिहिलंय की सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं खाता, आणि जिना चढताना धाप लागते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या अर्ध्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला होता. या आठवड्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या, सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या लॅबमध्ये. 12 च्या खाली आलं तर डॉक्टरांना दाखवा. सगळा थकवा कामाचाच असेल असं नाही. आणि आजपासून जेवायला सगळ्यांबरोबर बसा. पातेली मध्ये ठेवा, ज्यानं त्यानं वाढून घ्यावं.

हे सगळं मिस्टर ऐकून घेणारे आहेत असं धरून लिहिलंय. विषय काढल्यावर हात उगारला जात असेल, पगार काढून घेतला जात असेल, माहेरी बोलू दिलं जात नसेल, तर वही आणि वाटणी बाजूला ठेवा. 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायद्याखाली संरक्षण अधिकारी तुमची तक्रार नोंदवून घेतात.

बोलायची वेळ नीट निवडा. रात्री साडेअकराला, दोघं दमलेली असताना हा विषय काढू नका, आणि सासूबाईंसमोरही नको. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी, पोटं भरल्यावर, रंकाळ्यावर चक्कर मारायला दोघंच जा आणि वही बरोबर न्या. 'तुम्ही काहीच करत नाही' नं सुरुवात केली तर ते केलेल्या कामांची यादी सांगायला लागतील. वही उघडा, झोपेचं पान दाखवा आणि म्हणा, 'अहो, माझी साडेपाच तास झोप होतेय. मला सात पाहिजे. पुढच्या सोमवारपासून तुमची सेकंड आहे, डबे तुमच्याकडं घ्या. भाजी आणण्यापासून.' पहिल्या वेळी एवढंच मागा. बाकीची पानं महिन्याभरानं.